पाहणीचे पोहे

मी गरीब आहे हे कोणाला पटवून द्यावे लागेल असे मला कधी वाटले नव्हते. डोळे असलेल्या माणसाला ते रस्त्यावरूनच दिसायचे. एक खोली, वर टिनाचे पत्रे, आणि मागे न्हाणी म्हणून तीन बाजूंनी बांधलेले जुने फ्लेक्स. त्यातल्या एका फ्लेक्सवर कोणा पुढाऱ्याचा वाढदिवस होता. तो हात जोडून हसायचा. अंघोळ करताना मला लाज वाटायची, म्हणून मी तो सोडून उलटा बांधला. आता तो नालीकडे पाहून हसतो.

नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. मी संत्र्याच्या शेडवर माल निवडायला जात होते. बहार सुरू झाला की वरूडकडून ट्रक लागायचे आणि आम्ही बाया जमिनीवर मांडी घालून बसायचो. मोठे फळ एकीकडे, बारीक एकीकडे, डाग असलेले मागे फेकायचे. वय त्यातच गेले. मग गुडघ्यांनी नाही म्हटले. शेडवाल्याने मला स्टूल दिले. स्टुलावरून फळ उचलायला वाकावे लागते आणि वाकले की चक्कर येते, हे त्याला काही दिवसांनी कळले. मग त्याने मलाही मागे टाकले, डागाच्या ढिगात.

मुलगा अकोल्याला असतो. मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. बायको, दोन मुले, दुसऱ्या मजल्यावर भाड्याचे घर. मुलगा वाईट नाही, हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे सरकारी कागदावर त्याच्याविषयी वेगळे लिहिले गेले.

तो नेहमी म्हणायचा, "माय, तिकडं एकटी कायले राह्यतं? इकडं ये. खोली भाड्यानं देऊन टाकू. संत्र्याचे मजूर उभ्या उभ्या घेतेत."

मी एक उन्हाळा राहून पाहिला. अकोल्याचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय सांगू. मला तिथे एकच काम होते, कूलरमध्ये पाणी भरायचे. नळ खाली होता, कूलर वर होता, आणि मधल्या जिन्यावर माझे गुडघे होते. सून आल्यागेल्याला सांगायची, "आईंना इथे काहीच काम नाही, नुसता आराम." रात्री हॉलमध्ये सगळ्यांचे टीव्ही पाहून झाले की मग माझे अंथरूण पडायचे. पाऊस लागताच मी गुडघ्यांचे निमित्त सांगून परत आले. गुडघे त्यांच्याच घरी जास्त दुखत होते, हे काही सांगितले नाही.

पुढच्या वेळी मुलगा आला तो पिशवीतून नवे कुलूप घेऊन. चांगले जाड, पितळी. ते त्याने दाराजवळच्या खिळ्याला अडकवले.

"दिवाळीपर्यंत पाहू," तो म्हणाला. "तवर तुह्यी निराधारची सोय झाली तं ठीक. नाई तं हे लावू आन् तुले घेऊन जाऊ."

निराधारचे, म्हणजे आधार नसलेल्यांना सरकार दर महिन्याला देते ते पैसे मिळाले तर माझे भागणार होते. धान्य रेशनचे येते. बाकी चहा, गोळ्या आणि लाइटबिल. मुलगा पैसे पाठवत नव्हता असे नाही, पण मागावे लागायचे, आणि मला मागता येत नाही. मी फोन लावायचे, त्याची, सुनेची, पोरांची, कूलरचीसुद्धा चौकशी करायचे, आणि ज्यासाठी फोन केला ते सांगायच्या आत "ठेवू का" म्हणायचे. सरकारचे पैसे न मागता येतील असे मला वाटले. आधी सगळ्यांपुढे हात पसरावे लागतात आणि मग ते न मागता येतात, हे नंतर समजले.

तर अशी गोष्ट होती. सरकारने मला निराधार म्हटले तर माझी खोली माझ्याकडे राहणार होती. नाही म्हटले तर कुलूप खिळ्यावरून दाराला जाणार होते. रोज सकाळी डोळे उघडले की आधी ते कुलूप दिसायचे.

माझ्या दाराला लागून खालाचे दार. त्यांच्या घरी कापूस पिंजून गाद्या भरतात. सगळी गल्ली तिला खाला म्हणते, तिच्याहून म्हातारे लोकही. मला चारचौघांत बोलता येत नाही आणि तिला गप्प बसता येत नाही, म्हणून आमचे जमते. अर्ज करायला तीच माझ्यासोबत सेतूमध्ये, सरकारी अर्ज भरून देतात तिथे आली.

सेतूवाल्याने विचारले, "आजी, वर्षाचं उत्पन्न?"

मी पदर तोंडाला लावला.

खाला म्हणाली, "उत्पन्न असतं तं तुह्या दारात उभी राह्यली असती का रे भाऊ?"

त्याने आपल्या मनाने एक आकडा टाकला. तो आकडा मला फार आवडला. खरेच तेवढे उत्पन्न असते तर मी अर्ज केला नसता.

मग उन्हाळ्यात एक दिवस कोतवाल सांगून गेला की उद्या तलाठी साहेब चौकशीला येतील, घर पाहतील, घरीच थांबा. एवढे सांगून तो गेला आणि गल्ली कामाला लागली.

आमच्या गल्लीची एक रीत आहे. कोणाच्याही घरी मोठा पाहुणा येणार असला की घर एकाचे आणि सामान सगळ्यांचे. मुलगी दाखवायची असली की एकीकडून कपबशा येतात, दुसरीकडून खुर्च्या, तिसरीकडून पडदा. मुलाकडचे लोक उठून गेले की सामान आपापल्या घरी जाते. आमच्या गल्लीतल्या कितीतरी मुली त्याच सहा कपांतून चहा देऊन सासरी गेल्या. त्यात फसवणूक कोणालाच वाटत नाही. येणाऱ्याचा मान राहावा, एवढेच.

आता माझ्या घरी तर सरकार येणार होते. समोरच्या वहिनीने आपला नवा कूलर पाठवला. कोणी लाल खुर्च्या आणल्या. ते सहा कप आले, बशांसह. आणि खालाने एका लग्नाच्या ऑर्डरची, मोठ्या गुलाबांच्या कापडाची गादी आणून माझ्या मोडक्या बाजेवर अंथरली.

"खाला, ही गिऱ्हाइकाची आहे ना?" मी म्हटले.

"तं काय झालं? साहेब का लोळनार हाय? बसन अन् जाईन. सरकारी मानूस बाजेच्या दोऱ्यावर बसवतं का व?"

पोहे मात्र मी केले, माझ्या पैशाने. पाहुण्याला दुसऱ्याच्या घरचे खाऊ घालणे मला पटत नाही. शेंगदाणे जरा जास्त टाकले.

एवढ्या बाया खोलीत होत्या. त्यातल्या एकीलाही सुचले नाही की हा पाहुणा गरिबी पाहायला येतो आहे. मलाही नाही. मी तर आरसासुद्धा पुसला.

तलाठी साहेब दुपारच्या उन्हातून मोटारसायकलने आले. घामाने भिजलेले होते. गादीवर बसले तसे खोल गेले. कूलरच्या हवेने त्यांचे डोळे मिटायला आले.

"कूलर मस्त गार आहे," ते म्हणाले.

"गार तं राहीनच साहेब, यंदाचाच हाय!" खाला छाती फुगवून म्हणाली.

त्यांनी पोहे खाल्ले. वहिनीने पुन्हा वाढले, तेही खाल्ले. मग मोबाइल काढून मला कूलरजवळ बसायला सांगितले आणि फोटो घेतला. मी पदर नीट केला. माझे फोटो फार नाहीत, हा तरी बरा यावा असे वाटले. जाताना खालाने त्यांच्या गाडीच्या हँडलला लोणच्याची पिशवी अडकवली. त्यांनी नको नको म्हटले, पण पिशवी काढली नाही.

ते गेल्यावर गल्ली खूश होती.

"पोहे दोनदा घेतले म्हणजे काम झालं," वहिनी म्हणाली.

"पसंत हाय," खाला म्हणाली. "आता तारीख काढा."

पोळ्याच्या सुमारास तहसील कचेरीतून बोलावणे आले. आम्ही दोघी बसने गेलो. बाबूने माझा कागद शोधला, वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आजी, तुमचा अर्ज नामंजूर आहे. तुमची परिस्थिती चांगली आहे."

मला आधी वाटले तो कोणा दुसरीचा कागद वाचतो आहे. पण त्याने वाचून दाखवले. नवीन कूलर, जाड गादी, खुर्च्या, चिनी मातीच्या कपबशा. पाहुणचार उत्तम, असे तेवढे लिहिले नव्हते. खाली सही होती आणि शिक्का होता. लग्न झाल्यापासून माझी परिस्थिती चांगली आहे असे मला कोणी म्हटले नव्हते, सासूने नाही, नवऱ्याने नाही. शेवटी सरकारने म्हटले, तेही नको त्या वेळी.

खाला टेबलावर हात आपटून म्हणाली, "अरे बावा, थे सामान गल्लीचं होतं! तुह्या साहेबाचा मान म्हनून ठेवलं!"

"मानासाठी ठेवलं की कशासाठी, अहवालात तसा रकाना नाही," बाबू म्हणाला. तो काही वाईट बोलत नव्हता. खरेच तसा रकाना नव्हता. त्याने फेरचौकशीचा अर्ज लिहून घेतला. दिवाळीला दोनच महिने उरले होते.

बसमध्ये खाला वरूडच्या फाट्यापर्यंत त्या कूलरला शिव्या देत होती. मी खिडकीतून संत्र्याच्या बागा पाहत होते आणि अकोल्याचा जिना मोजत होते.

दुसऱ्यांदा कोतवाल सांगून गेला तेव्हा खालाने सगळे आपल्या हाती घेतले. ती म्हणाली, "गरिबी दाखवाची तं आता ढंगानं दाखवू." आणि तिने माझे घर उपसायला सुरुवात केली. उसने काही नव्हतेच, म्हणून माझे होते ते गेले. बाज गेली, आरसा गेला, पाट गेला, पितळेचा डबा गेला, देवाजवळची समई गेली. मी म्हटले देव तरी राहू द्या. ती म्हणाली, "देव राहू दे, पन त्याचं चांदीचं छत्र काढ." छत्र चांदीचे नव्हते, साध्या जर्मनचे होते, तरी काढले. पाण्याचा माठही नेला, कारण त्याला नळ होता आणि नळाचा माठ तिला श्रीमंती वाटला. वर्षानुवर्षांची धूळ खोलीभर उडाली. माझे डोळे लाल झाले, पाणी गळायला लागले.

"आन् तू बोलजो," खाला म्हणाली. "या बारीनं मी नाई बोलनार. मागच्या बारीनं मीच घात केला."

साहेब आले. दारातच थांबले. खोलीत एक बारदान अंथरले होते, तेवढेच. त्यांनी बूट काढले, बारदानावर बसले आणि भिंतीकडे पाहिले. आरसा जिथे होता तिथे भिंत स्वच्छ होती. त्यांनी पाणी मागितले. माझ्याकडे पाणी नव्हते. खाला धावत आपल्या घरून तांब्या घेऊन आली. गल्लीतल्या बाया दाराबाहेर उभ्या होत्या.

"आजी, मागच्या वेळी कूलर होता."

मी जमिनीकडे पाहिले.

"माहा होता साहेब," बाहेरून वहिनी म्हणाली. "घरी हाय. येऊन पाह्यता का?"

"आणि गादी?"

खालाने न बोलण्याचे ठरवले होते. ते तिला तेवढा वेळच जमले. "गादी लग्नाची होती. गेली थे परतवाड्याले. आता तिच्यावर कोनाचा तरी जवाई लोळून राह्यला."

"खुर्च्या?"

"आमच्या!" मागून आवाज आला.

"कपबशा?"

"आमच्या! एकाचा कान तुटेल हाय, साहेबाले देल्ता नव्हता तो!"

साहेबांनी कागद मांडीवर ठेवला. "म्हणजे मागच्या वेळी मी आलो कोणाच्या घरी होतो?"

"गल्लीत आलते," खाला म्हणाली.

"मग या आजींचं त्यात काय होतं?"

बाहेर कोणालाच आठवेना. मला त्या क्षणी फार राग आला. इतका वेळ जो तो आपले सामान सांगत होता.

"पोहे," मी म्हटले. "पोहे माझे होते."

माझा आवाज इतका मोठा आला की मीच दचकले. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी तांब्यातले पाणी प्यायले आणि कागद पुन्हा उचलला.

"आता शेवटचं," ते म्हणाले. "मुलगा आहे ना अकोल्याला? सांभाळतो का? हो की नाही, एवढंच सांगा."

आता याचे उत्तर काय द्यावे? मुलगा बोलावतो. फोन करतो. दुखले-खुपले विचारतो. कुलूप आणून ठेवतो. तो मला सांभाळायला तयार आहे, फक्त त्याच्या घरी, त्याच्या कूलरजवळ. हो म्हटले तर खोली गेली. नाही म्हटले तर भरल्या गल्लीत पोटच्या मुलाची अब्रू गेली. याच गल्लीच्या खुर्च्यांवर बसून त्याचे लग्न ठरले होते. खाला मागून मला कोपराने ढोसत होती. मी मान खाली घातली. धुळीने झोंबणाऱ्या डोळ्यांतून पाणी टपकन बारदानावर पडले.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "राहू द्या आजी. समजलं." आणि लिहिले.

मी न बोलता काय बोलले ते मला नंतर कळले. कागदावर लिहिले होते, मुलगा सांभाळ करीत नाही.

अर्ज मंजूर झाला. गल्लीने पेढे खाल्ले. ही बातमी अकोल्याला कोणी पोचवली माहीत नाही. आमच्याकडचा कोणी ना कोणी रोज अकोल्याच्या बसमध्ये असतोच. मुलाचा फोन आला.

"माय, मी तुले सांभाळत नाई असं तू लिहून देल्लं?"

"मी नाही लिहिले. साहेबांनी लिहिले."

"तू काय म्हनली मंग?"

"मी काहीच म्हटले नाही."

"हेच तं!" तो ओरडला. "तू कधीच काही म्हनत नाई!"

यावरही मला काही म्हणता आले नाही. त्याने फोन ठेवला. दिवाळीला आला नाही. अधूनमधून जे पाठवायचा तेही बंद केले. सरकारी कागदावर जे लिहिले होते ते लिहिताना खरे नव्हते. मुलाने ते खरे करून दिले. सरकारचे कागद असेच मागून खरे होत असतील.

पैसे बँकेत यायला लागले. बँकेत माझा अंगठा मशीनवर दोन-तीनदा दाबावा लागतो, पण ते चालायचेच. पहिल्या पैशातून मी गोळ्या आणल्या, लाइटबिल भरले आणि बाजारातून कपबशा आणल्या. पांढऱ्या, निळ्या काठाच्या. आता कोणी आले तर मागायला नको. मी त्या फळीवर मांडल्या आणि लांबून पाहत बसले.

खाला आली, तिने पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"येडी झाली का व? दरसाली हयातीचा दाखला लागते. कोनी पाह्यले आलं तं? चाल, ठेव माह्या घरी."

तेव्हापासून माझ्या कपबशा खालाच्या घरी एका पेटीत आहेत. नंतर एक उशी घेतली, भिंतीवरचे घड्याळ घेतले, तेही तिथेच गेले. आता खालाच्या घरी माझी परिस्थिती चांगली आहे आणि माझ्या घरी मी निराधार आहे. वेळ पाहायची असली की मी भिंतीवर थाप मारते आणि खाला पलीकडून किती वाजले ते सांगते. पेटीला कुलूप पाहिजे होते. खिळ्यावरचे ते पितळी कुलूप रिकामेच होते, ते लावले.

यंदा उन्हाळा लागता लागता मुलगा आला. न सांगता आला. बाजेवर बसला, इकडेतिकडे पाहिले. त्याची नजर खिळ्यावर गेली.

"कुलूप कोठी हाय?"

मी खालाकडे गेले, पेटी उघडून दोन कप आणले आणि चहा केला. त्याने कप फिरवून पाहिला.

"हे कोनाचे?"

"माझे."

"मंग तिकडं कावून ठेवले?"

मग मी सांगितले. कूलरपासून सुरुवात केली. गादी, पोहे, लोणच्याची पिशवी, बाबूचा रकाना, बारदान, धूळ, सगळे. साहेबांनी शेवटी विचारलेला प्रश्नही सांगितला आणि मी का गप्प राहिले तेही सांगितले. अकोल्याच्या जिन्याचेही सांगून टाकले. त्याच्यासमोर एवढे एका दमात मी कधी बोलले नव्हते. चहा थंड झाला. तो मान खाली घालून ऐकत होता. "पोहे माझे होते" इथे तो हसला, आणि जिन्याच्या इथे हसू गेले.

थंड चहा एका घोटात संपवून तो म्हणाला, "मी पैसे पाठवले तं तुह्यं हे बंद होईन का?"

"बँकेत दिसले तर होईल," मी म्हटले. "खाला म्हणते, हातात देत जा."

तेवढ्यात गल्लीत मोटारसायकल वाजली. कोणाची होती देव जाणे, पुढे निघून गेली. पण मुलगा टाचणी टोचल्यासारखा उठला. त्याने दोन्ही कप विसळले, शर्टाच्या आत घातले, दारातून डोके काढून दोन्हीकडे पाहिले आणि पुढून न जाता न्हाणीच्या बाजूने, नाली ओलांडून खालाच्या मागच्या दाराकडे गेला. त्याला जाताना त्या वाढदिवसाच्या पुढाऱ्याने तेवढे पाहिले.